दोघांत मिळून एकच कयाक?

साताऱ्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. मजकूर थोडक्यात असा. त्या आणि त्यांचे यजमान, दोघंही नोकरदार. कोलाडला राफ्टिंगला गेले असताना राफ्टच्या पुढंमागं फिरणारी कयाक, म्हणजे एकट्यानं बसून वल्हवायची छोटी बोट, पाहिली आणि दोघांनाही तिचं वेड लागलं. ऋषिकेशला जाऊन रीतसर शिकूनही आले. ताईंचा रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसल्या बसल्याच सरळ करणं, आता पक्का झालाय. यजमानांचा कधी होतो, कधी राहतो. ताईंना एखादी लाट सापडली की तिच्यावर परत परत जाऊन खेळायला आवडतं. यजमानांना वरून निघून खाली पोचलं की समाधान. आता ओळखीतले एक प्रशिक्षक आपली मोठ्या मापाची क्रीक बोट, म्हणजे खडकाळ ओढ्यांसाठीची फुगीर कयाक, विकतायत. यजमान आणि मित्रमंडळींचं म्हणणं, "मोठीच घेऊ, दोघांना होईल. शिवाय मोठी बोट सुरक्षित." कण्हेरच्या जलाशयात ताईंनी ती चालवून पाहिली तर धड वळेना, धड सरळ जाईना. काठावरून निदान झालं: तंत्र कच्चं आहे. ताईंची उंची ५ फूट, वजन ४६ किलो. यजमान ५ फूट ११ इंच, ८६ किलो. ताई विचारतात, "तंत्र कच्चं की बोट चुकीची? पैसे सध्या एकाच बोटीपुरते आहेत. घ्यावी का?"

ताई,

तुमचा पहिला प्रश्न लहानसा दिसतो, पण पत्रभर सल त्याचाच आहे, म्हणून आधी तो घेऊ. गंगेच्या थंडगार, ढकलणाऱ्या पाण्यात ज्यांचा रोल लागतो त्यांचं तंत्र कण्हेरच्या संथ पाण्यात एकाएकी कच्चं कसं होईल? बोट तुमच्या मापाची नाही. तंत्रात सुधारायला जागा असेलच, ती सगळ्यांनाच असते. पण या बोटीत बसून ती सुधारणार नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर आठवून बघा. त्या दिवशी अंगठ्यांच्या सांध्यांवर खरचटलं होतं का? दुसऱ्या दिवशी मानेपासून खांद्यांपर्यंत अवघडलं होतं का? ठेंगणं माणूस मोठ्या बोटीत बसलं की बोटीचा काठ वर येतो. मग पॅडल पाण्यात घालायला दोन्ही कोपर उचलावे लागतात, आणि बोटीची रुंदी ओलांडताना अंगठे काठाला घासतात. पातं बोटीच्या अंगालगत पडायच्या ऐवजी लांब पडतं. लांब पडलेलं पातं बोटीला पुढं कमी आणि बाजूला जास्त ढकलतं. "सरळ जाईना" ते यामुळं.

आता "वळेना" का, ते पाहू. समजा ही मोठी बोट ३४० लिटरची आहे. मोठ्या क्रीक बोटी साधारण तेवढ्या असतात. तुम्ही ४६ किलो, ओलं लाइफ जॅकेट, हेल्मेट, दोरीची पिशवी, पाण्याची बाटली मिळून सहाएक किलो, आणि रिकामी बोट २२ किलो. झाले ७४ किलो. म्हणजे ७४ लिटर पाणी बाजूला सरलं की बोट तरंगायला लागली. तिचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यात, बाकी सगळी हवेत. तुमचे यजमान सामानासकट बसले तर हिशोब ११५ लिटरच्या घरात जातो, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा पाण्यात. बोट तीच, नदी तीच, पण दोघांखाली दोन वेगळ्या बोटी आहेत. कयाक वळते ती तिच्या बुडाच्या कडेवर. एक गुडघा वर दाबून बोट कलती केली की कड पाणी धरते आणि बोट वळणात शिरते. तुमच्याखाली ती कड पाण्यापर्यंत नीट पोचतच नाही. त्यात मांड्या आणि कंबर आत सैल. तुम्ही गुडघा दाबता, तुम्ही आतल्या आत सरकता, बोट ढिम्म.

संथ पाण्यात यात नुसतीच चिडचिड होते. कोलाडच्या कुंडलिकेवर काय होईल ते सांगतो. मोठ्या दगडाच्या मागं पाणी थबकतं आणि चक्क उलटं, वरच्या दिशेनं फिरतं. ती एडी, दम खायची जागा. तिच्यात शिरताना दोन विरुद्ध प्रवाहांमधली रेघ ओलांडावी लागते. बोटीचं नाक एडीत गेलं की ते वर ओढलं जातं आणि शेपूट अजून मुख्य प्रवाहात खाली ढकलली जात असते. नेमक्या त्या क्षणी बोट वळणाच्या आतल्या बाजूला कलती हवी. जमलं तर बोट झोकात वळून एडीत येऊन थांबते. बोट कललीच नाही तर ती रेघेवरून नुसती घसरते आणि तुम्ही एडी चुकवून, पाठमोऱ्या, पुढच्या रॅपिडमध्ये, म्हणजे खळाळत्या उतारात, शिरता. काठावरच्यांना दिसतं ते एवढंच की बाईंना एडी पकडता आली नाही.

दुसरं गृहीतक सुरक्षिततेचं. "मोठी बोट सुरक्षित" हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं टिकून आहे. जास्त आकारमानाची बोट धबाबा पाण्याखाली दबली तरी लवकर वर येते, लाटांवरून चढून जाते, चुका पोटात घालते. हे खरं. पण बोट वर आली आणि तुम्हाला ती आवरताच आली नाही, तर प्रवाह नेईल तिकडं जायचं. उलट बाजूही सांगतो, म्हणजे यजमानांना वाईट वाटायला नको. जड माणूस लहान बोटीत बसला तर बोट खोल बसते, वरच्या अंगानं येणारं पाणी तिची कड पकडतं आणि खटकन उलटवतं. पाय कोंबून बसावं लागतं, घोटे बधिर होतात आणि उलटल्यावर बाहेर पडताना गुडघे अडकतात.

आपल्याकडे शाळेचा गणवेश एक माप मोठा घ्यायची रीत आहे, पोर वाढेल म्हणून. तुम्ही आता वाढणार नाही आहात, ताई.

कंपन्या प्रत्येक मापासाठी वजनाची मर्यादा देतात, अमुक किलोपासून तमुक किलोपर्यंत. ती वाचताना घरच्या काट्यावरचं वजन धरू नका. सगळं सामान अंगावर चढवून वजन करा. आणि आपण या वजनाच्या पट्ट्यात बसतो एवढ्यावर समाधान मानू नका, पट्ट्यात कुठं बसतो ते बघा. खालच्या टोकाला असाल तर बोट तरंगती, माफ करणारी आणि थोडी मठ्ठ वाटेल. वरच्या टोकाला असाल तर ती चपळ वाटेल, कडा चटकन धरेल आणि चूक झाली की तितक्याच चटकन उलटवेल. नवख्यानं मधोमध किंवा किंचित खाली असावं. ज्यांचा रोल पक्का आहे आणि ज्यांना खेळायचं आहे त्यांनी मधोमध किंवा थोडं वर सरकायला हरकत नाही. वजनाखेरीज पायाची लांबी, मांड्यांची जाडी आणि बुटाचं माप हेही पाहायचं. सडपातळ, पण १० नंबरचा बूट घालणारा माणूस वजनानं लहान बोटीत बसेल, पण त्याची पावलं तिच्या नाकात मावणार नाहीत.

आता आवडीचं. पत्रात तुम्ही ते ओझरतं लिहिलंय, मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्हाला लाटेवर खेळायचंय, यजमानांना खाली पोचायचंय. या दोन बोटी मुळातच वेगळ्या. क्रीक बोट गोलसर, फुगीर, दोन्ही टोकं वर उचललेली. अरुंद, खडकाळ, पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणाऱ्या ओढ्यांसाठी ती केलेली असते. पिरान्हा कंपनीची माक्नो त्यातली. रिव्हर रनरच्या कडा त्याहून जरा स्पष्ट. डॅगरची मांबा किंवा जॅक्सनची झेन. मग हाफ स्लाइस: पुढं भरीव, मागं चपटी शेपूट. डॅगरची रिवाइंड, पिरान्हाची रिपर. नाक पाण्यावर राहतं, शेपूट हवी तेव्हा पाण्याखाली घालता येते, लाटेवर मजा येते. पण एडीच्या रेघेवर बेसावध असाल तर तीच शेपूट दबून बोट पाठीवर पाडते. शेवटी प्लेबोट, जेमतेम सहा फुटांची, एकाच लाटेवर दिवस घालवणाऱ्यांसाठी. ती प्रवासाला कंटाळवाणी, कारण आखूड बोट धावत नाही. हे आम्हा सांगलीकरांना सांगावं लागत नाही. कृष्णेतल्या शर्यतीच्या होड्या लांबलचक असतात त्या वेगासाठीच. रॅपिडमधली कयाक आखूड आणि टोकांना वाकलेली असते ती वळण्यासाठी.

मग तुमची नदी कोणती? साताऱ्याहून तुम्ही जाणार ती बहुतेक वेळा कुंडलिकाच. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, सकाळी सोडलं की नदी भरते, आणि राफ्टिंगच्या डझनभर किलोमीटरच्या टप्प्यात दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे सोपे ते मध्यम, रॅपिड मिळतात, मध्ये मध्ये संथ डोह. या नदीला मोठी क्रीक बोट लागत नाही. ती बोट वाईट नाही, ती वेगळ्या पाण्याची आहे. कधी पावसात केरळला मलबार रिव्हर फेस्टिव्हल बघायला गेलात, तर तिथल्या अरुंद खडकाळ नद्यांत तशा बोटी का लागतात ते डोळ्यांनी दिसेल.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण बोट दारात आली की जुलैमध्ये हात शिवशिवणार. पुराची कृष्णा म्हणजे रॅपिड नव्हे. त्या गढूळ पाण्याखाली कुंपणाच्या तारा असतात, मोटारींच्या केबली असतात, वाहून आलेली झाडं असतात. झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस आणि बोट अडकते. सगळ्यात वाईट म्हणजे आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. वरून पाहिलं तर फूट-दोन फुटांची निरुपद्रवी उडी दिसते. पण बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी तळाला जाऊन पुन्हा वर येतं आणि बंधाऱ्याकडेच उलटं ओढत नेतं, तेही या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखं. खडकाळ रॅपिडमध्ये अशा ओढीला कडेनं फट असते. बंधाऱ्याला ती नसते. त्यात अडकलेल्याला रोल येत असून उपयोग नाही आणि बोट कितीही मोठी असून उपयोग नाही. आमच्याकडे भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरी आहेत, लोक त्यांना घाबरतात आणि बंधाऱ्यावर मात्र बिनधास्त पोहतात, याचं मला कायम नवल वाटतं.

मूळ मुद्द्यावर येतो: दोघांत एक बोट. मापाचं सोडून देऊ, व्यवहार बघू. बोटीत पाणी शिरू नये म्हणून कंबरेला जो स्कर्ट घालतात तो कंबरेला माणसाच्या मापाचा आणि खाली बोटीच्या तोंडाच्या मापाचा लागतो. म्हणजे बोट एक, तरी स्कर्ट दोन. पॅडलही दोन, तुम्हाला साधारण १९० ते १९४ सेंटिमीटरचं, शक्य तर बारीक दांड्याचं, कारण लहान मुठीत जाड दांडा धरून मनगटं दुखतात. यजमानांना १९७ ते २००. आत बसल्यावर पायाचा आधार, कंबरेचे फोम, पाठीचा पट्टा हे प्रत्येकानं आपल्या मापानं कसायचं असतं. अदलाबदल करायची तर दर वेळी काठावर बसून अर्धा तास खटपट. यजमान एकदा करतील, दोनदा करतील. तिसऱ्यांदा तुम्ही त्यांच्या मापात बसाल, हे मी लिहून देतो. आणि एकच बोट असेल तर एक जण नदीत आणि दुसरा गाडी घेऊन काठानं. ही हौस तुम्ही दोघांनी मिळून लावून घेतली होती ना? शिवाय वाहत्या पाण्यात एकट्यानं कयाक घालायची नाही, हा नियम तुम्हाला ऋषिकेशला पहिल्याच दिवशी सांगितला असेल.

म्हणून माझा कौल असा. असलेल्या पैशांतून आधी दोघांचं अंगावरचं सामान घ्या. हेल्मेट, नदीसाठीचं लाइफ जॅकेट, पॅडल, आणि काठावरून फेकायची दोरीची पिशवी. हे आपल्या मापाचं असलं की कुठल्याही बोटीत उपयोगी पडतं. स्कर्ट मात्र बोट ठरल्यावरच. बोटी सध्या भाड्यानं, जिथं जाल तिथल्या.

उरलेल्या पैशांत एक बोट बसत असेल, तर ती तुमची घ्या. ऐकायला पक्षपाती वाटेल, पण हिशोब साधा आहे. भाड्याच्या बोटी बहुतेक मध्यम आणि मोठ्या मापाच्या असतात, कारण गिऱ्हाईक बहुतेक त्या मापाचं असतं. ८६ किलोच्या माणसाला कुठंही बोट मिळेल. ४६ किलोच्या माणसाला जन्मभर दुसऱ्याच्या मापात बसून "तंत्र कच्चं" ऐकावं लागेल. लहान मापाची हाफ स्लाइस किंवा लहान रिव्हर रनर बघा. तुमचा रोल पक्का आहे आणि लाट आवडते, तेव्हा मी हाफ स्लाइसकडे झुकेन. लहान बोट तीन-चार किलोंनी हलकीही असते, आणि नदीवरून रस्त्यापर्यंत ती खांद्यावरून तुम्हीच आणणार आहात. मिळायला वेळ लागेल; आपल्याकडे अशा बोटी बाहेरून येतात आणि लहान मापं कमीच येतात. ऋषिकेशच्या ओळखींना सांगून ठेवा. ऑनलाइन मिळणाऱ्या हवा भरायच्या स्वस्त कयाकच्या मोहात मात्र पडू नका. तापोळ्याला शिवसागरात संध्याकाळी फिरायला त्या छान. रॅपिडसाठी त्या नाहीत.

बोट कुठलीही असो, आधी ती हॉलमध्ये सतरंजीवर ठेवून बसून बघा. नदीतले बूट घालून. तळपाय आधारावर टेकलेले, गुडघे किंचित बाहेर वळून बोटीच्या वरच्या भागाखाली दाबलेले, कंबरेच्या दोन्ही बाजूंना हाताचं बोट सरकेल एवढीच जागा. वीस मिनिटं तसंच बसा आणि टीव्ही बघा. पायाला मुंग्या आल्या तर माप किंवा बसणी चुकतेय. थोडाफार फरक फोमनं निघतो: जुन्या कॅरीमॅटचे तुकडे कापून कंबरेला चिकटवता येतात, बैठकीखाली दीड-दोन सेंटिमीटर उंची देता येते, आखूड पायांसाठी पुढं ठोकळे बसवता येतात. पण फोमनं बोट घट्ट होते, लहान होत नाही. नंतर संथ पाण्यात उतरवून कुणाला तरी काठावरून आडवा फोटो काढायला सांगा. मागची बाजू खाली दबलेली दिसली तर बैठक पुढं सरकवा. मग एक गुडघा उचलून बोट कलती धरा आणि तशीच दहा-बारा हात वल्हवत न्या. कमरेतून वाकडं न होता जमलं, तर माप जुळतंय. एकदा मुद्दाम उलटून, स्कर्टचा पट्टा ओढून बाहेरही या. तो पट्टा कधीही आत दबलेला राहू द्यायचा नाही.

जुन्या बोटीत बैठकीच्या खालचं बूड आणि शेपटाची टोकाकडची बाजू हातानं चाचपा. झीज तिथंच होते. बैठकीभोवती बारीक चीर असेल तर कितीही स्वस्त असो, नको. मधला फोमचा खांब हलतो का पाहा. पाण्याच्या दाबानं वरचा भाग पायांवर बसू नये म्हणून तो असतो. रंग पांढुरका पडलेली बोट उन्हात राहिलेली असते आणि उन्हानं हे प्लास्टिक ठिसूळ होतं. तुमच्याकडेही गच्चीत नको, जिन्याखाली आडवी, कुशीवर ठेवा. टपावर बांधून आंबेनळी घाटातून कोलाडला नेणार असाल, तर पुढून-मागून दोन जादा दोऱ्या बांधा आणि पोलादपूरला चहाला थांबाल तेव्हा त्या पुन्हा कसा.

राहिले ते प्रशिक्षक आणि त्यांची मोठी बोट. ती यजमानांच्या मापाची बहुधा आहे, आणि रोल कच्चा असताना त्यांना ती सांभाळूनही घेईल. पुढं-मागं पैसे झाले आणि बोट तोवर राहिली, तर त्यांच्यासाठी जरूर विचार करा; तेव्हा रिव्हर रनरही बघा. आत्ता मात्र प्रशिक्षकांना लटकत ठेवू नका, दुसरं गिऱ्हाईक असेल तर द्या म्हणून कळवा. आणि या रविवारी कुठून तरी लहान मापाची बोट मागून आणून यजमानांना कण्हेरला त्यात दहा मिनिटं बसवता आलं तर बघा. तंत्राबद्दल ते मग काय म्हणतात, तेवढं मला जरूर लिहा.